पहिल्या फेरीचे तीन दाणे

जगात आजवर जी काही घाई झाली असेल, तिच्यातली फक्त वीस मिनिटं आमच्या मामासासऱ्यांच्या वाट्याला आली होती. बाकीचं अख्खं आयुष्य त्या गृहस्थांनी मंद आचेवर काढलं. माझ्या बायकोचे हे थोरले मामा. राहायला डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या अंगाला, आणि नोकरी तिथल्याच औद्योगिक वसाहतीत, नायलॉनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. उलट मी विमा कचेरीत दावे निकालात काढणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत वाढपी मीठ वाढत असतो तेव्हा मी मठ्ठ्यापर्यंत पोचलेला असतो. त्यामुळे मामा आणि मी शेजारी जेवायला बसलो की आमच्या दोघांमध्ये साधारण एका पंगतीचं अंतर पडायचं. माझ्या खरकट्या हाताकडे बघत ते शांतपणे म्हणायचे, "जावईबापू, तुम्ही जेवत नाही, तुम्ही भरणा करता."

मामांचा चहा हा स्वतंत्र विषय होता. चहा फुंकून पिणारा माणूस त्यांच्या लेखी रानटी. कपावर बशी झाकायची, बशीवर घडी केलेला नॅपकिन ठेवायचा, आणि चहाला "आपल्या गतीनं खाली येऊ" द्यायचं. चहा पूर्ण खाली आल्यावर मामी तो परत गरम करायला न्यायच्या, आणि हा सोहळा पहिल्यापासून सुरू व्हायचा. घरात नवी प्लास्टिकची बादली आली, तर ती आधी कोमट, मग गरम, मग परत कोमट अशा पाण्यानं दोन दिवस न्हाऊन निघाल्याखेरीज न्हाणीघरात रुजू होत नसे. बँकेच्या वातानुकूलित शाखेतून बाहेर पडताना मामा दारातच थांबायचे. एक पाय गारव्यात, एक पाय उन्हात. रखवालदार म्हणायचा, काका, आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा. मामा त्याला समजवायचे की एकदम बाहेर गेलं तर माणसाच्या आत ताण राहतो, तो आज दिसत नाही, पुढे कधीतरी तडा जातो. रखवालदारानं शेवटी त्यांच्यासाठी दारात एक स्टूल ठेवलं.

या सगळ्यामागे शास्त्र होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्या घरातून कुणाला निघता येत नसे. नायलॉनच्या आत म्हणे लांबच लांब साखळ्या असतात. काही नीट घड्या घालून बसलेल्या, बाकीच्या नुसत्या गुंताड्यात. मामा उठून सरळ मामींचं कपाट उघडायचे. "ही बघा. ह्या घड्या घातलेल्या साड्या, आणि हा खाली कोंबलेला बोळा. पाहुणे दारात आले म्हणून हिनं कोंबला." गरम नायलॉन झटकन थंड केला की साखळ्यांना घड्या घालायला वेळच मिळत नाही, पातळ, कच्च्या घड्या पडतात, आणि त्या थोड्याशा उष्णतेनं लवकर उसवतात. पण तोच तुकडा वितळणार नाही इतपत तापवून, भट्टीत काही तास शेकत ठेवला आणि हळूहळू थंड केला, तर आतल्या साखळ्या आपल्याआपण सरकून नीट बसतात, घड्या जाड होतात, आणि मग त्या मोडायला जास्त उष्णता लागते. "म्हणजे तुकड्यात बाहेरून काही घातलं का आपण? नाही. फक्त वेळ दिला." हे वाक्य म्हणताना ते कपाटाला टेकून असे काही उभे राहायचे, की मामी साड्यांसाठी ताटकळत असूनही क्षणभर गप्प बसायच्या. एक क्षण फक्त.

एकदा मामींची कंबर धरली. शेकायची रबरी पिशवी फुटलेली, म्हणून मी माझ्या स्वभावानुसार एक रिकामी थंड पेयाची बाटली घेतली आणि तिच्यात उकळतं पाणी ओतलं. बाटली डोळ्यांदेखत आक्रसली, वाकडी झाली, आणि तिचं निम्मं पाणी माझ्या पायावर आलं. मी नाचत होतो, मामी आतून "अहो जावई, आणताय ना?" म्हणून कण्हत होत्या, आणि मामा ती केविलवाणी बाटली दोन्ही हातांत धरून नुकत्याच जन्मलेल्या नातवासारखी निरखत होते. ही बाटली म्हणे आधी बोटाएवढी नळी असते. मऊ असताना फुगवून ताणतात आणि तशीच घाईघाईनं थंड करतात. उष्णता लागली की तिला तिचं लहानपण आठवतं. हे व्याख्यान पाऊण तास चाललं. मामींची कंबर तेवढ्या वेळात आपली आपण बरी झाली. याचं श्रेयही मामांनी वेळालाच दिलं.

पण मामांचा खरा जीव होता तो "पहिल्या फेरी"त. त्यांच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. त्यात नायलॉनचा साबुदाण्याएवढा दाणा एका चिमुकल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत ठेवून हळूहळू तापवत न्यायचा. तो कुठे आणि कसा वितळतो त्याची रेघ कागदावर उमटते. गंमत अशी, की तो तुकडा आधी कधी भट्टीत शेकला असेल, तर ज्या तापमानाला शेकला त्याच्या जरासं वर, वितळताना उमटणाऱ्या मोठ्या डोंगराच्या अलीकडे, त्या रेघेवर एक बारीकसं टेंगूळ येतं. पण एकदा दाणा पुरता वितळला की सगळं विसरतो. थंड करून परत तापवला, की ती दुसरी फेरी. तिच्यात टेंगूळ नाही, आठवण नाही. जगातला तसला सगळा नायलॉन सारखाच. "पहिल्या फेरीत वस्तू बोलते," मामा म्हणायचे, "दुसऱ्या फेरीत नुसता पदार्थ बोलतो." मी हे वाक्य माझ्या संसारात किती वेळा ऐकलं असेल, याचा अंदाज करायला नको. कान त्याला इतके सरावले होते, की ते सुरू झालं की माझे डोळे आपोआप मोबाइलकडे वळायचे. हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे ते मला भोवलं.

माणसांचीही ते पहिली फेरीच बघायचे. माझं स्थळ सांगून आलं तेव्हा आम्ही कल्याणला राहत होतो. मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता, न कळवता हे गृहस्थ आमच्या दारात. मी बनियनवर, जमिनीवर फतकल मारून, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर आंबा चोखत होतो. मामा बसले, पाणी प्यायले, माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटं टक लावून बघितलं आणि निघून गेले. घरी जाऊन त्यांनी अहवाल दिला: मुलगा आंबा खाताना कुणाकडे बघत नाही, तेव्हा मनात काही लपवत नसावा, मात्र घाईचा आहे, थोडा शेकावा लागेल. पुढे रीतसर कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला त्याला ते आलेच नाहीत. इस्त्रीचे कपडे घालून दुसऱ्या फेरीत सगळीच स्थळं सारखी दिसतात, म्हणे. बायको अजून म्हणते, "मामांनी तुला पास केलं नसतं ना, तर मी त्या बँकवाल्याला हो म्हणणार होते." ती हे मामांचं कौतुक म्हणून सांगते की तक्रार म्हणून, हे मी विचारलेलं नाही.

मामांच्या घरी होमिओपॅथीच्या बाटल्यांचं एक खोकं होतं. मामींचा त्या गोळ्यांवर भारी विश्वास. तीन वर्षांपूर्वी त्यांना सर्दी झाली आणि त्यांनी खोक्यातली एक चिमुकली बाटली उघडून तीन पिवळट दाणे तळहातावर घेतले. मामा समोर बसले होते. आयुष्यात कधी झटकन न हललेला तो माणूस खुर्चीतून उडाला आणि त्यांनी मामींचा हात धरला. मामी घाबरल्या, आणि मग चिडल्या. इतक्या वर्षांत हात धरलात तो आज गोळ्यांसाठी, असंही म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी मामांचा मला फोन आला, की येऊन जा, बेबीला आणू नका. बेबी म्हणजे माझी बायको, वय वर्षं सत्तेचाळीस.

मी गेलो. मामांनी मला गॅलरीत बसवलं आणि ती वीस मिनिटं सांगितली.

त्यांच्या कारखान्यात भट्टीवर भालेराव नावाचे एक कामगार होते. राहायला आंबिवलीला. तयार झालेले तुकडे भट्टीत लावायचे, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं, ठरलेले तास शेकून हळूहळू थंड करायचे, हे त्यांचं काम. मामांशी त्यांचं फार जमायचं, कारण अख्ख्या कारखान्यात न घाई करणारी माणसं ही दोनच. एकदा एका लॉटमधले तुकडे गिऱ्हाइकाकडे जाऊन तडकले. गिऱ्हाइकाचा माणूस तणतणत आला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये बसला. मॅनेजर मामांच्या डोक्यावर येऊन उभा: हे तुकडे भट्टीत शेकले होते की नाही, आत्ता सांगा. मामांनी दाणा कापला, यंत्रात ठेवला, पण त्या गडबडीत यंत्राचं पेन कागदावर टेकवायचं राहिलं. पहिली फेरी झाली आणि रेघ उमटलीच नाही. दुसरी उमटली. दुसऱ्या फेरीत टेंगूळ कसं असणार? मामांना हे ठाऊक होतं. जगात कुणाला ठाऊक नव्हतं इतकं त्यांना ठाऊक होतं. दुसरा दाणा कापून परत पहिली फेरी घ्यायला वीस मिनिटं लागली असती. पण मॅनेजर म्हणाला, रेघ आहे ना समोर? हीच द्या. आणि मामांनी दिली. खाली लिहिलं: शेकल्याची खूण आढळत नाही.

त्याच संध्याकाळी भालेरावांची नोकरी गेली, आणि परत आलेला सगळा लॉट दळणाच्या यंत्रात गेला. मामांच्या टेबलावर कापताना उडालेले तीन दाणे तेवढे राहिले, ते त्यांनी होमिओपॅथीच्या एका रिकाम्या बाटलीत घालून ठेवले.

"मग दुसऱ्या दिवशी का नाही तपासले?" मी विचारलं. माझ्यासारख्या माणसाला पहिला प्रश्न हाच सुचणार.

मामा बराच वेळ बशीवरच्या नॅपकिनची घडी मोडून परत घालत राहिले. मग म्हणाले, "टेंगूळ निघालं असतं तर, जावईबापू? उद्या बघू, उद्या बघू म्हणत राहिलो. मग कारखाना बंद पडला, यंत्र गेलं. तुम्ही सगळे माझ्या हळूपणाला तत्त्व समजता. त्यातलं निम्मं भय आहे." भालेराव पुढे रिक्षा चालवायला लागले होते. एकदा कल्याण स्टेशनबाहेर रांगेतली पहिलीच रिक्षा त्यांची निघाली, आणि मामा छत्री उघडून, तोंड लपवून, भर हिवाळ्यात चालत पत्रीपुलापर्यंत गेले होते. आता सत्तरी उलटली होती. मामींच्या पोटात दाणे जाता जाता वाचले, आणि मामांना वाटलं, आता बघून टाकावं. टेंगूळ निघालं तर आंबिवलीला जाऊन त्या माणसाचे पाय धरायचे. नाही निघालं, तर निदान सुखानं झोपायचं. ठाण्यात असली यंत्रं आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी ती बाटली, तिच्याभोवती एक चिठ्ठी गुंडाळून, वर रबर लावून माझ्या हातात दिली. आणि मग पहिली फेरी, दुसरी फेरी, पेन, टेंगूळ असं सगळं परत एकदा समजावलं. मी मान डोलावत होतो. खिशात मोबाइल थरथरत होता.

ठाण्यात, बाळकुमला आमच्या घरी एक खण आहे. त्यात जुने चार्जर, कुलपं नसलेल्या किल्ल्या, सोसायटीच्या सभांच्या नोटिसा आणि मी "या आठवड्यात करतो" म्हटलेल्या सगळ्या गोष्टी असतात. बाटली त्या खणात आठ महिने राहिली. लोकांचे दावे आठ दिवसांत निकालात काढणारा मी, मामांचा एकुलता एक दावा खणात टाकून विसरलो. मामा फोन करायचे ते इकडचं-तिकडचं बोलायला. बाटलीबद्दल एकदाही विचारलं नाही. बायकोनंच एक दिवस चार्जर शोधताना ती वर काढली. रबर केव्हाच चिकट होऊन तुटलं होतं. मी ओशाळलो, बाटली खिशात टाकली आणि त्याच दुपारी वागळे इस्टेटमधल्या एका तपासणी प्रयोगशाळेत गेलो. आठ महिन्यांची भरपाई मी नेहमीच्याच मार्गानं केली: घाईनं.

तिथल्या बाई फार नेमक्या होत्या. त्यांनी मला दोन पानी अर्ज दिला. त्यात एक रकाना होता, "विशेष सूचना." नेमका तेव्हा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीचा फोन आला. खांद्यात फोन धरून मी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. बाई म्हणाल्या, "सर, नेहमीच्या पद्धतीनं करू ना?" मी म्हटलं, हो हो. त्या म्हणाल्या, "तीन आहेत. एक ठेवून देऊ का?" मी फोनवर हात ठेवून मोठ्या मनानं म्हणालो, "नाही, तिन्ही करा. मामांना बरं वाटेल."

पाच दिवसांनी रंगीत अहवाल आला. तीन दाणे, तीन वक्र, तीन गुळगुळीत डोंगर. टेंगूळ कुठेच नव्हतं, म्हणजे मामांचा अहवाल बरोबरच, असं समजून मी पेढे घेऊन मानपाड्याला गेलो. मामांनी भिंग काढलं, कागद खिडकीपाशी नेला, आणि बराच वेळ बघून विचारलं, "पहिली फेरी कुठाय?"

मी तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला. बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत पहिली फेरी ही फक्त आधीचं सगळं पुसून टाकायला असते. तिची नोंद ठेवत नाहीत. पहिली हवी असेल तर तसं अर्जात लिहावं लागतं, तेवढ्यासाठीच तो रकाना आहे. बिचाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता.

मी मामांकडे बघू शकलो नाही. मामी पेढ्यांचं खोकं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. मामांनी भिंग कापडात गुंडाळलं, डबीत ठेवलं, डबी कपाटात ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझीच चूक, तशीच्या तशी, परत केलीत. जावई शोभता खरे." आणि मग, जरा वेळानं, "चला. आता निमित्त उरलं नाही. गाडी आणलीय ना? आंबिवलीला जाऊ." मी म्हटलं, आत्ता? ते म्हणाले, "आत्ता." त्या दिवशी मामांनी चहा घेतला नाही.

भालेरावांचं घर शोधायला वेळ लागला नाही. रिक्षा स्टँडवर सगळे त्यांना ओळखत होते. गुडघे गेल्यामुळे त्यांनी रिक्षा सोडली होती. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मामांना बघून ते उठायला लागले, मामा त्यांना बसवायला लागले, आणि त्या झटापटीत दोघंही उभेच राहिले. भालेरावांच्या मिसेस बाहेर आल्या, आम्हाला आत बसवलं. मामांनी पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं. पेन टेकलं नव्हतं, दुसरी फेरी, वीस मिनिटं, तीन दाणे, आणि आता तेही गेले. म्हणाले, "भट्टी चालू होती की नाही, हे आता कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. मी पुरावा घेऊन माफी मागायला येणार होतो. तसाच आलोय."

भालेराव म्हणाले, "साहेब, पण मला कधी विचारलंच नाही ना तुम्ही."

भालेराव जरा पुढे सरकून बसले.

"मॅनेजर साहेबांना मी सांगत होतो, भट्टी चालू होती. ते म्हणाले, लॅबचा रिपोर्ट आहे. मग मीच गप बसलो. म्हटलं, रिपोर्ट साहेबांचा हाय, म्हणजे बरोबरच असणार. साहेब कधी घाई करत नाय. मला वाटायला लागलं, भट्टीचा काटाच खोटा असेल. लय दिवस तसंच वाटायचं."

मामांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मान खाली घातली. मामा अगदी हळू म्हणाले, "भालेराव, तो लॉट शेकायचा होता त्या दिवशी भट्टी चालू होती का?"

"होती ना. दुपारी लाइट गेलेली, अडीच तास. भट्टी गार पडली. मग लाइट आल्यावर पहिल्यापासून तास मोजले. तुम्हीच सांगितलेलं, मधे खंड पडला तर पहिल्यापासून."

"मी सांगते की," आतून भालेरावांच्या मिसेस म्हणाल्या, आणि चहाचं आधण तसंच ठेवून बाहेर आल्या. "हा माणूस दुपारी घरी येणार होता. माझ्या बहिणीचा साखरपुडा होता, इथंच, मागच्या हॉलमध्ये. सात वाजता आलेला. लोक जेवून गेलेले, खुर्च्या उचलत होते. एका फोटोत नाय हा. एका पण नाय. अजून बहीण म्हणते मला, ताई, तुझे मिस्टर रुसलेले काय?"

मामांनी विचारलं, "फोटो आहेत?"

बाईंनी अल्बम काढला. मामांनी सवयीनं खिशात भिंग चाचपलं, ते मानपाड्याला राहिलं होतं. मग ते फोटो डोळ्यांशी नेऊन एकेक बघू लागले. ज्या नजरेनं मी त्यांना आलेख बघताना पाहिलं होतं, त्याच नजरेनं ते त्या फोटोंमध्ये एक नसलेला माणूस शोधत होते. सगळ्या फोटोंत भालेरावांच्या मिसेस हिरव्या साडीत, आणि त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभं राहायला जेवढी लागते तेवढी, जागा मोकळी. मामांनी एक फोटो उलटा करून विचारलं, तारीख आहे का? स्टुडिओचा शिक्का होता, तारीख होती. ती मामांना पाठ असलेली, त्या लॉटचीच तारीख निघाली. त्यांनी फोटो परत कोपऱ्यांत बसवला, भालेरावांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि पाय धरायला वाकले. भालेरावांनी धरू दिले नाहीत. "काय करता साहेब," एवढंच म्हणत राहिले, आणि त्यांच्या मिसेसनी डोळ्यांना पदर लावून आधण उतरवलं. चहा आला तो मामांनी झाकला नाही, गरम प्यायले. जीभ पोळली, तरी कप खाली ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात मामांनी एक सुधारित अहवाल लिहिला. जुन्या पद्धतीनं, आखलेल्या कागदावर, मराठीत. नमुना: साखरपुड्याची छायाचित्रे, एकूण अकरा. पद्धत: पहिली फेरी. निरीक्षण: श्री. भालेराव कोठेही आढळत नाहीत. निष्कर्ष: भट्टी चालू होती. खाली सही, आणि सहीखाली "पूर्वीचा अहवाल चुकीचा असून तो मी घाईत दिला होता." भालेरावांनी तो लॅमिनेट करून घेतला आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला. मामांना तिथे लॅमिनेशनच्या कोपऱ्यात एक बुडबुडा दिसला. हे घाईनं थंड केलंय, असं म्हणून ते तो अहवाल भिंतीवरून काढायला निघाले. भालेरावांच्या मिसेसनी ठामपणे सांगितलं, साहेब, आता हात नाय लावायचा.

मग मामा दर गुरुवारी आंबिवलीला जायला लागले. दोघं ओट्यावर बसायचे. एकदा मी सोडायला गेलो आणि तासभर थांबलो, तेवढ्या वेळात ते एकूण चार वाक्यं बोलले, त्यांतली दोन विड्याच्या पानाबद्दल होती. तुकडे मग तडकले कशानं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. साच्यात दोष असावा इथपर्यंत ते आले होते. घाई अर्थातच नव्हती. असे गुरुवार त्यांना पाच महिने मिळाले. पाच महिन्यांनी मामा गेले. दुपारी, खुर्चीत, चहा खाली यायची वाट बघत. मामी नॅपकिन उचलायला गेल्या तेव्हा कळलं.

पाच महिने. आणि माझ्या खणात बाटली होती आठ महिने. तेरा झाले असते. टेंगूळ हरवल्याचं दुःख मामांनी माझ्या मनावरून त्याच दिवशी उतरवलं होतं. पण या आठ महिन्यांबद्दल कुणी मला काही म्हणालं नाही, आणि कुणी म्हणणारही नाही, म्हणून ते तिथेच बसून आहेत. हल्ली बँकेतून बाहेर पडताना मी दारात जरा थांबतो. मागचा माणूस ढकलतो, मी सरकत नाही.

गेल्या महिन्यात बायकोनं तो खण रिकामा करायला काढला. तळाशी, तुटून चिकटलेल्या रबराखाली, मामांची चिठ्ठी सापडली. तीच, जी बाटलीभोवती गुंडाळलेली होती आणि जी मी कधी उघडलीच नाही. मामांचं टपोरं, सावकाश अक्षर. वर लिहिलं होतं, "फक्त पहिली फेरी घ्यावी." आणि खाली, जावयाला आपल्या कामाचा ताण नको म्हणून, अगदी बारीक अक्षरात: "सवडीनं करा. घाई नाही."